पडद्यावरील उडी आणि तिची किंमत

इ. स. १९३५ साली मुंबईच्या ग्रँट रोडवरील सुपर चित्रगृहात ‘हंटरवाली’ नावाचा बोलपट लागला आणि पंचवीस आठवडे तो तेथून हलला नाही. पित्यास कैद करणाऱ्या कपटी प्रधानावर सूड उगवण्यासाठी एक राजकन्या तोंडावर मुखवटा चढवते, हाती चाबूक घेते, घोड्यावर मांड टाकते आणि गुंडांना झोडपीत सुटते, एवढेच त्याचे कथानक. सुशिक्षित घरांतून त्याचा उल्लेख झालाच तर तो नाक मुरडून होई. ‘संत तुकाराम’ किंवा ‘कुंकू’ पाहावयास सहकुटुंब जाणारा गृहस्थ अशा चित्रांस ‘देमार’ म्हणून मोकळा होत असे. ती चित्रे पिटातल्या चार आणेवाल्यांसाठी, अशी त्याची खात्री होती. ही खात्री अगदीच निराधार होती असे नाही. परंतु तिच्यामुळे एक प्रश्न मात्र विचारावयाचाच राहून गेला. एवढी धावपळ, एवढ्या उड्या आणि हाणामाऱ्या ज्या पैशांत होत, त्या पैशांत त्या होत तरी कशा?

साहसाचे दृश्य फुकट होत नाही. अमेरिकेत ते डॉलर मोजून होई. डग्लस फेअरबँक्सचा ‘थीफ ऑफ बगदाद’ १९२४ साली पडद्यावर आला तेव्हा त्यासाठी नगरेच्या नगरे उभारली गेली होती. १९२६ मध्ये बस्टर कीटनने ‘द जनरल’ ह्या चित्रासाठी जळत्या पुलावरून एक खरेखुरे आगगाडीचे एंजिन नदीत लोटून दिले. एकदाच, आणि कॅमेरे चालू असताना. मूकपटांच्या काळातील सर्वांत खर्चिक दृश्य म्हणून ते आजही सांगितले जाते. ते एंजिन पुढे कित्येक वर्षे ऑरेगॉन प्रांतातील त्या नदीतच पडून होते; दुसऱ्या महायुद्धात भंगाराला भाव आला तेव्हा कोठे ते बाहेर काढले गेले. मुंबईच्या निर्मात्याजवळ नदीत टाकण्यासाठी एंजिन नव्हते. त्याला किंमत दुसऱ्या नाण्यात चुकवावी लागे. ते नाणे कधी वेळेचे असे, कधी बुद्धीचे, आणि कधी हाडामांसाचे. कोणत्या दृश्यासाठी कोणते नाणे खर्ची पडले, हे पाहू गेल्यास आपल्याकडील साहसपटांचा इतिहास निराळाच दिसू लागतो.

त्याचा आरंभ नादियापासून होत नाही, फाळक्यांपासून होतो. धुंडिराज गोविंद फाळके ह्यांस पुराणकथांचे चित्रकार म्हणून ओळखण्याचा प्रघात आहे, पण त्यांच्या अंगी जादूगाराचे हातही होते. जर्मन जादूगाराकडून ही विद्या शिकून आपल्या आडनावाची अक्षरे उलटी फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ ह्या नावाने ते प्रयोग करीत. छायाचित्रण, ठशांची छपाई, रंगभूमीचे पडदे हे सारे त्यांनी आधीच हाताळले होते. १९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परत आले. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी प्रथम जे चित्र घेतले ते कोणा राजाचे नव्हे, तर कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचे. रोज थोडीथोडी चौकट घेत त्यांनी रोपाची वाढ टिपली, आणि कित्येक दिवसांची ती वाढ पडद्यावर क्षणांत दाखविली. स्वस्तातील साहसदृश्याचे मूळ सूत्र ह्या वाटाण्यात आहे. कॅमेऱ्याचे हँडल ज्याच्या हाती, त्याच्या हाती काळ असतो. काळ लांबवावा, आखूड करावा, मध्येच थांबवून पुन्हा सुरू करावा. प्रेक्षकाच्या डोळ्यास त्याचा पत्ता लागत नाही.

१९१७ सालच्या ‘लंकादहन’ ह्या चित्रात फाळक्यांनी हे सूत्र हनुमंताला लावले. त्यात अण्णा साळुंके नावाच्या एकाच नटाने राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या होत्या, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्या काळच्या तरुण प्रेक्षकांच्या मनावर कोरले गेले ते दुसरेच. हनुमान आकाशात चढत जातो, ढगांत लहान लहान होत जातो आणि खाली लंका पेटते. पुढे ‘हंटरवाली’ काढणाऱ्या कंपनीचे चालक जमशेद बमन होमी वाडिया ह्यांनी आपल्या आठवणींत ह्याच दोन दृश्यांचा गौरव केला आहे, आणि लंकेची ती आग टेबलावर मांडलेल्या प्रतिकृतींची होती हेही नमूद केले आहे. मुंबईच्या देमार चित्रांचा धागा थेट नाशिकच्या पुराणपटांस जाऊन मिळतो, तो असा.

टेबलावर आग लावणे मात्र वाटते तितके सोपे नाही. घर सोळावा हिस्सा करता येते, ज्वाला करता येत नाही. लहान ज्वाला भराभर लपलपते, आणि त्या लपलपण्यावरूनच डोळा ओळखतो की हे काड्यांचे घर आहे. त्यावर उपाय असा, की कॅमेऱ्याचे हँडल नेहमीपेक्षा जलद फिरवावे. सोळाव्या हिश्श्याच्या प्रतिकृतीसाठी वेग चौपट लागतो, असे त्याचे गणित आहे. मग पडद्यावर ती ज्वाला मंद, जड, राजवाडा गिळणाऱ्या आगीसारखी वाटते. फिल्म चौपट खर्च होते खरी, पण नगर वाचते आणि नगरात उभा राहणारा नटही वाचतो. हनुमानासारखे उड्डाण साधण्याची त्या काळची सर्वसाधारण रीत अशी होती: काळ्या पडद्यासमोर नटास टांगावयाचे, कॅमेरा हळूहळू मागे न्यावयाचा म्हणजे आकृती लहान होत जाते, मग तीच फिल्म अंधारात उलट गुंडाळून तिच्यावर दुसऱ्यांदा ढगांचे चित्र घ्यावयाचे. हँडलचा एक फेरा म्हणजे आठ चौकटी. फेरे मोजण्यात एकाची जरी चूक झाली तरी सारे काम वाया. येथे खर्च होतो तो पैशाचा नव्हे, धीराचा.

तो धीर एकट्या फाळक्यांचा नव्हता. विलायतेहून आलेल्या फिल्मला कडेची भोके पाडलेली नसत. ती रात्री अंधारात बसून पाडावी लागत. ते काम सरस्वतीबाई फाळके करीत. उन्हात पांढरी चादर धरून नटाच्या तोंडावर उजेड पाडणे, फिल्म धुणे आणि साऱ्या कंपनीचा स्वयंपाक ही कामेही त्यांचीच होती. दागिने तर आधीच गेले होते. कमी खर्चात काढलेल्या चित्रांचे कौतुक करताना हिशेबाच्या वहीत न चढलेली ही मजुरी बहुधा विसरली जाते.

आणि एक गोष्ट ह्याहूनही अवघड आहे. ‘राजा हरिश्चंद्र’चे बाहेरचे चित्रण चालू असताना रोहिदासाची भूमिका करणारा फाळक्यांचा मुलगा भालचंद्र खेळता खेळता खडकावर पडला, त्याच्या डोक्यास लागले आणि तो बेशुद्ध झाला. जवळच्या पेटीतील औषधांनी उपचार केले तरी तो शुद्धीवर येईना. मंडळी म्हणाली, काम थांबवून मुलास गावात न्यावे. पुढचे दृश्य होते मृत रोहिदासास चितेवर ठेवण्याचे. मुलगा बरा झाला तर पुन्हा सारा लवाजमा घेऊन येथवर यावे लागेल, आणि न झाला तर ते दृश्य कधीच पुरे होणार नाही, असा विचार करून फाळक्यांनी बेशुद्ध मुलास तसेच निजवून दृश्य घेतले. मुलगा पुढे बरा झाला. चरित्रकार हा प्रसंग फाळक्यांच्या निर्धाराचे उदाहरण म्हणून सांगतात, आणि निर्धार त्यात आहेच. परंतु भारताच्या पहिल्या कथापटाच्या जमाखर्चात एका लहान मुलाचे शरीर खर्चाच्या बाजूस पडले होते, हेही त्यात आहे. त्या माळावर पुन्हा येण्याजोगे पैसे नव्हते. सारा प्रश्न तेवढ्यावर येऊन थांबला होता.

ह्याच पित्याने सहा वर्षांनी, १९१९ साली, ‘कालिया मर्दन’ काढले तेव्हा कृष्ण झाली ती त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. चित्राच्या प्रारंभी ती मुलगी म्हणूनच दिसते, निरनिराळे भाव तोंडावर आणून दाखवते, आणि मग तिचेच रूप कृष्णाच्या रूपात विरघळते. पुढे डोहात उडी आहे, कालियाशी झुंज आहे आणि त्याच्या फणेवरील नृत्य आहे. चित्राचा जो भाग शिल्लक राहिला आहे तो पाहताना जाणवते, की भय निर्माण करण्याचे काम येथे सर्पाकडे आणि कॅमेऱ्याकडे सोपविलेले आहे, मुलीकडे नाही. फाळक्यांची खरी वाट ही होती.

दुसरी वाट कोल्हापुरात फुटली. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला पुराणापेक्षा इतिहास अधिक मानवला. १९२३ सालच्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीची लढाई दाखविण्यासाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला, आपल्याकडे तो अगदी आरंभीचा प्रयत्न होता. त्यात शेलारमामा झाले होते पुढे प्रसिद्धीस आलेले व्ही. शांताराम. कॅमेराही विकत आणलेला नव्हता. तो कंपनीने स्वतःच्या हातांनी बनविला होता. पण कोल्हापूरच्या चित्रांत जे साहस दिसे त्याचे भांडवल निराळ्याच पेढीवर होते. ते होते शाहू महाराजांच्या आश्रयाने वाढलेल्या तालमींत. संस्थानी वातावरणात घोडे होते, घोड्यावर बसणारे होते, दांडपट्टा फिरविणारे होते, आणि आखाड्याच्या मातीत हजारदा पडून पडणे म्हणजे काय हे शिकलेले पहिलवान होते. पडणे ही विद्या आहे. हातापायावर भार न घेता खांद्यावरून लोळण घ्यावयाची, श्वास कोठे सोडावयाचा, मान कशी आत घ्यावयाची, हे पुस्तकातून येत नाही. ज्या विद्येसाठी अमेरिकेतील कंपन्या वेगळा पगार मोजीत, ती येथे पिढ्यान्पिढ्या तालमीत फुकट मिळत होती. त्याच सुमारास गावोगाव फिरणाऱ्या सर्कशीही होत्या; विष्णुपंत छत्रे ह्यांनी १८८० मध्ये उभारलेल्या सर्कशीपासून ह्या प्रांतास घोडेस्वारीच्या आणि झोक्याच्या कसरती परिचयाच्या झाल्या होत्या. मास्तर विठ्ठल हा कोल्हापूरच्या कंपनीतूनच मुंबईस गेला, शारदा फिल्म कंपनीच्या तलवारबाजीच्या मूकपटांचा नायक झाला, आणि लोक त्याला हिंदी फेअरबँक्स म्हणू लागले. १९३१ साली पहिल्या बोलपटाचा, ‘आलमआरा’चा, नायक म्हणून त्याचीच निवड झाली. तलवार चालविणाऱ्यास आता बोलावयाचे होते.

बोलपटाने साहसाची मोठीच पंचाईत केली. ध्वनिग्राहकाच्या आसपास नटांस खिळून राहावे लागे. कॅमेऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून त्याला जाड पेटीत कोंडावे लागे. त्याहून मोठा फरक हँडलचा. मूकपटात छायालेखक हाताने हँडल फिरवी, सेकंदास दोन फेरे म्हणजे सोळा चौकटी; मारामारी आली की तो हात जरा सैल सोडी, बारा-तेरा चौकटींवर येई, आणि पडद्यावर तीच मारामारी चपळ होई. बोलपटात सेकंदास चोवीस चौकटी कायमच्या ठरल्या, कारण वेग बदलला की आवाज बदलतो. अनेकांस वाटले, आता देमार चित्रांचे दिवस संपले. परंतु तोड साधी होती. गुद्द्याला संवाद लागत नाही. मारामारीचे तुकडे मूकपटासारखेच, ध्वनियंत्र बाजूला ठेवून घ्यावे; वाद्ये आणि आवाज मागाहून भरावे.

ह्यातले गणित पाहण्यासारखे आहे. ताशी पंधरा मैल चालणारी मालगाडी सेकंदास बारा चौकटींनी टिपली आणि चोवीसच्या वेगाने दाखविली, तर ती ताशी तीस मैलांनी धावते. फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात. तेव्हा नेहमीच्या चित्रणास मिनिटाला नव्वद फूट फिल्म लागते, ह्या चित्रणास पंचेचाळीस. परदेशातून येणारी महागडी फिल्म निम्मी वाचली आणि गाडी दुप्पट धावली! गरीब निर्मात्यास ह्याहून गोड गणित कोणते? अर्थात त्यास काही पथ्ये होती. चौकटीत रस्त्याने जाणारी माणसे येता कामा नयेत, नाहीतर ती बाहुल्यांसारखी तुरतुर चालतात. एंजिनाचा धूरही चुगली करतो. आणि वेग फारच वाढविला तर प्रेक्षक घाबरण्याऐवजी हसतो.

अशाच युक्त्यांचा एक संचच त्या काळी कारागिरांच्या हाती होता. चित्र सपाट असल्यामुळे ठोसा गालापासून वीतभर दूरून गेला तरी कॅमेरा त्याच रेषेत असल्यास तो बसल्यासारखा दिसतो. मात्र मार खाणाऱ्याने मान नेमक्या क्षणी झटकली पाहिजे, आणि तेथेच नवखे नट सापडत. सहा फुटांची भिंत खड्डा खणून खालून टिपली की ती किल्ल्याचा तट होते. उडीचे तीन तुकडे करावयाचे: तटाच्या टोकावरची झेप, गवताच्या ढिगात पडणारे शरीर किंवा कपडे घातलेली बाहुली, आणि स्टुलावरून मारलेली शेवटची उडी, तिन्ही सांधले की प्रेक्षकाच्या मनात चाळीस फूट पुरे होतात. घोड्यावर उडी मारून चढणे अवघड असल्यास घोड्यावरून मागे उडी मारून उतरावे, कॅमेरा त्या वेळी उलटा धरावा, आणि मागून फिल्मचा तो तुकडा शेवटाकडून सुरुवातीकडे लावावा.

हा सारा संच असताना हाडे मोडण्याचे कारण काय, असे कोणीही विचारील. कारण असे, की प्रत्येक युक्तीस वेळ लागतो. तीन तुकड्यांस तीन ठिकाणी कॅमेरा मांडावा लागतो, प्रकाश जुळवावा लागतो, कपड्यांच्या घड्या जुळवाव्या लागतात. ज्या कंपनीस वर्षात अनेक चित्रे काढावयाची आहेत, जिच्या कारखान्यात दिवसाचे भाडे आणि पगार चढत आहेत, तिला एखादे वेळी तुकडे करण्यापेक्षा माणसाने खरीच उडी मारलेली परवडते. त्यात एक लोभही असतो. खरी उडी एकाच लांब चित्रात दाखविता येते; तुकडा पडत नाही, आणि प्रेक्षकाचा श्वास अडकतो. चार आणे देणाऱ्या प्रेक्षकास युक्ती आणि उडी ह्यांतला फरक कळत नाही, हा समज चुकीचा होता. तो फरक त्यालाच सर्वांत आधी कळे.

जमशेद वाडिया हे काही अडाणी धंदेवाईक नव्हते. जहाजे बांधणाऱ्या प्रसिद्ध वाडिया घराण्यातले, एम. ए., एलएल. बी. झालेले हे गृहस्थ इंग्रजी साहित्याचे व्यासंगी होते. बँकेतली नोकरी सोडून त्यांनी चित्रपटांचा मार्ग धरला तेव्हा घराण्यास ते रुचले नाही. अमेरिकन मालिकापटांतील पर्ल व्हाइटची धाडसे आणि फेअरबँक्सचे ‘मार्क ऑफ झोरो’ ही त्यांची आवड होती. त्यांचा धाकटा भाऊ होमी ह्यास कॅमेऱ्याचे वेड होते. दोघांनी मूकपटांच्या अखेरीस ‘दिलेर डाकू’, ‘तूफान मेल’ अशी चित्रे काढली आणि १९३३ मध्ये परळच्या बाजूस लवजी कॅसल ह्या पूर्वजांच्या वाड्यातच वाडिया मूव्हिटोनची स्थापना केली. जुना वाडा हाच कारखाना झाला. हीही एक काटकसरच होती. राजवाड्याचे दृश्य हवे असेल तर राजवाडा बाहेर शोधावयास नको.

ह्या वाड्यात मेरी इव्हान्स ही तरुणी आली. तिचा जन्म ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे १९०८ साली झाला होता. लष्करात असलेल्या पित्याबरोबर ती बालपणीच हिंदुस्थानात आली. पहिल्या महायुद्धात पिता मारला गेला. पेशावरच्या बाजूस असताना ती घोड्यावर बसावयास शिकली, मुंबईस दुकानात नोकरी केली, नृत्य शिकली, झार्को सर्कशीत कामे केली. नादिया हे नाव तिने ह्याच भटकंतीत धारण केले. वाडियांनी प्रथम तिला किरकोळ कामे देऊन पाहिले, आणि मग ‘हंटरवाली’ तिच्यावर बेतले. दिग्दर्शन होमी वाडियांचे होते. चाबूक हाती घेतलेल्या ह्या गोऱ्या, धिप्पाड नायिकेचे चित्र घेण्यास वितरक धजेनात, तेव्हा कंपनीनेच ते प्रदर्शित केले. पुढचे सर्वश्रुत आहे. वाडियांना जे सापडले होते ते केवळ रूप नव्हते. कोल्हापूरच्या कंपनीस तालमीतून जे मिळाले, ते त्यांना सर्कशीतून मिळाले: पडावयास शिकलेले शरीर. आणि ते शरीर चित्राच्या नायिकेचेच असल्यामुळे तिच्या जागी दुसरे माणूस उभे करावयास नको, कॅमेरा तोंड चुकवावयास नको, तुकडे पाडावयास नकोत.

१९३६ सालचे ‘मिस फ्राँटियर मेल’ शिल्लक आहे, आणि त्यात हे स्पष्ट पाहावयास मिळते. सविता नावाची आधुनिक मुलगी खोट्या आरोपात अडकलेल्या आपल्या वडिलांना सोडविण्यासाठी रेल्वेचा घातपात करणाऱ्या टोळीचा पाठलाग करते. चालत्या गाडीच्या टपावर ती एकामागून एक गुंडांशी झुंजते. माणसास खरोखरच डोक्यावर उचलते. वेग वाढविलेला आहे, हे जाणत्या डोळ्यास कळते. परंतु टप खरा आहे आणि वारा खरा आहे. गाडी पंधरा मैलांनी जात असो की तीस, मालडब्याच्या टपापासून रूळ बारा-तेरा फूट खाली असतात. त्या अंतराला हँडलची युक्ती लागू पडत नाही. टपाच्या कडेला जाळे नाही, दोरी नाही. १९४२ च्या ‘जंगल प्रिन्सेस’मध्ये तर ती सिंहांच्या समोर उभी राहिली. ह्या धाडसाचे श्रेय तिला मुक्त हस्ताने दिले गेले. जाहिरातींतून तिला ‘निर्भय नादिया’ म्हटले जाई, आणि ते तिने मिळविलेले होते.

मात्र टपावरून जे फेकले जात, त्यांच्याकडे पाहावयास हवे. नायिकेने उचललेला माणूस स्वतःही अर्धे काम करीत असतो. तो उडी घेऊन तिच्या खांद्यावर येतो, अंग ताठ धरतो, आणि फेकल्यावर पडतोही तोच. बमन श्रॉफ, जॉन कावस अशा काहींची नावे राहिली, कारण ते नायकाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या कामात आले. इतर पुष्कळ जण आज केवळ पाठमोऱ्या आकृती आहेत. ‘पंजाब का बेटा’ ह्या घोड्याचे, गनबोट ह्या कुत्र्याचे, आणि ‘रोल्स-रॉईस की बेटी’ असे विनोदी नाव मिरविणाऱ्या जुन्या ऑस्टिन मोटारीचेही नाव इतिहासाने जपले आहे. घोडा, कुत्रा आणि मोटार चित्रामागून चित्रांत पुन्हा पुन्हा वापरता येत. प्रेक्षक त्यांची वाट पाहत, त्यामुळे त्यांना नावे देणे किफायतशीर होते. खाली पडणाऱ्या गुंडास नाव देण्याचे असे कारण नव्हते.

येथे वाडिया बंधूंस दोष देऊन मोकळे होणे हा अन्याय ठरेल. सारा धंदाच तसा चालत होता, आणि नादिया स्वतः पुढे होऊन ह्या गोष्टी करी, ह्याविषयी शंका नाही. अधिक कुतूहलाची गोष्ट अशी, की जमशेद वाडियांना ह्या चित्रांच्या यशाचा फारसा अभिमान वाटेनासा झाला. सुशिक्षित समाजाचे मुरडलेले नाक त्यांनाही दिसत होते. १९४१ साली त्यांनी ‘राज नर्तकी’ हे नृत्यप्रधान चित्र मोठा खर्च करून काढले. त्याची इंग्रजी आवृत्तीही काढली. टपावरच्या मारामाऱ्यांनी जमविलेला पैसा अशा रीतीने प्रतिष्ठेपायी गेला. दोघा भावांचे मार्ग वेगळे झाले. १९४२ मध्ये लवजी कॅसलमधील कारखाना व्ही. शांताराम ह्यांच्या हाती आला आणि तेथे राजकमल कलामंदिर उभे राहिले. ‘सिंहगड’मधला शेलारमामा फिरत फिरत हंटरवालीच्या वाड्याचा धनी झाला, हा योगायोग मोठा मजेदार आहे.

होमी वाडियांनी त्याच वर्षी बसंत पिक्चर्स काढली. आरंभी तिचे बस्तान बसेना. अखेर १९४३ मध्ये ‘हंटरवाली की बेटी’ काढले तेव्हा गाडी रुळावर आली. चाबूक पुन्हा कामास आला. पण ह्या नव्या कंपनीत हळूहळू दुसरीच विद्या वरचढ होऊ लागली, आणि तिचा कारागीर होता सुरतेहून आलेला बाबूभाई मिस्त्री.

बाबूभाईंची कीर्ती झाली ती १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’ ह्या विजय भट्टांच्या चित्रामुळे. त्यात अदृश्य माणूस दाखवावयाचा होता. अमेरिकेत १९३३ साली तसेच एक चित्र निघाले होते आणि तेथे प्रयोगशाळेत फिल्मवर फिल्म चढवून ही किमया साधली होती. बाबूभाईंजवळ तशी प्रयोगशाळा नव्हती. त्यांनी काळा पडदा लावला आणि काळा दोरा घेतला. दोऱ्याला बांधलेली वस्तू हवेत चालू लागली, पेला आपोआप उचलला गेला. ऐकावयास हे बाहुल्यांच्या खेळाइतके सोपे वाटते. परंतु दोऱ्यावर दिव्याची तिरीप पडून तो क्षणभरही चमकता कामा नये, आणि वस्तू झुलता कामा नये, हीच खरी मेख आहे. धंद्यातील लोक बाबूभाईंना ‘काला धागा’ म्हणू लागले, आणि हे नाव त्यांना जन्मभर चिकटले.

पुढे होमी वाडियांनी पौराणिक चित्रांकडे मोहरा वळविला, तेव्हा ह्या काळ्या दोऱ्याचा उपयोग त्यांना झाला. १९५१ साली ‘हनुमान पाताळ विजय’ निघाले. लंकादहनातला जो हनुमान ढगांत लहान होत गेलेला एका वाडियाने तरुणपणी पाहिला होता, तो दुसऱ्या वाडियाच्या कारखान्यात चौतीस वर्षांनी पुन्हा उडाला. बोलपट आला, नायक गाऊ लागले, नगर जाळण्यास पैसा मिळू लागला. दोऱ्याची किंमत मात्र फारशी वाढली नव्हती. नादियाने ह्या काळातही घोड्यावरून उतरण्याचे मनावर घेतले नाही. १९६१ साली तिचा आणि होमी वाडियांचा विवाह झाला, आणि १९६८ च्या ‘खिलाडी’मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, ती पुन्हा एकदा पडद्यावर आली.